साळूनं बोर कसं उचललं

"रडली का?" बुरहानबाबानं विचारलं.

"न्हाई बाबा. तीन दिस चोळली. गुडघा देऊन कंबर कडाकडा मोडली. रडायचं नाव न्हाई. खरंच दुखत असतं तर रडली नसती?"

हा लिंबाजी. हाडवैद्य बाबाच्या तकियात, म्हंजे फकिराच्या मठीत, अकरा वर्षं हाडं बसवायला शिकलेला. निखळलेला खांदा चहा निवायच्या आत बसवायचा, आन् गावभर फुगून हिंडायचा. बाबा त्याला उस्ताद म्हणायचा. ते येडं खरं धरायचं.

बारा वर्षांची साळू बोरीखाली उभी होती, आईला धरून. महिना झाला कंबर दुखते म्हणत होती. लिंबाजीनं निकाल देऊन टाकला होता, पोरगी पाण्याच्या हंड्याला कंटाळलीय.

"ह्या वयात कंबर असती व्हय बाबा?"

बाबानं एक टपोरं बोर तोडलं. साळूच्या पायापाशी टाकलं.

"घे बेटा, गोड हाय."

साळूनं बोराकडं बघितलं... मग आईकडं.

मग पाठ काठीसारखी ताठ ठेवून, गुडघे मोडत मोडत खाली बसली. बोर घेतलं. मांडीवर हात रोवत रोवत वर आली.

लिंबाजी हसला. म्हणाला, बघा महाराणीचा थाट.

बाबा हसला नाही. एरवी मयतीतबी लोकांना चिमटे काढणारा माणूस.

"माय, पोरगी झोपती कशी?"

आई म्हणाली, आडवी होतच न्हाई. भिंतीला टेकून बसती. अंगात कणकण असती, भाकर जात न्हाई. लिंबाजीभाऊ म्हणाले, नखरे हायेत.

बाबानं पोरीला हातबी लावला नाही. सांगितलं, आत्ताच्या एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. कण्याचा फोटो काढा म्हणावं, हाडाला आतनं कीड लागल्यागत दिसतंय. आन् वाटेत कुणाला पाठ दाबू देऊ नका.

एसटी गेली. धुरळा खाली बसला. लिंबाजी आपलेच हात बघत राहिला.

"बाबा... मी तिच्या पाठीत गुडघा दिला."

बाबानं एक बोर तोडून त्याच्या पायाशी टाकलं.

"उचल, उस्ताद."

लिंबाजीनं वाकून उचललं.

"तसं न्हाई. तिनं उचललं तसं."

लिंबाजी ताठ पाठीनं बसला. मांड्या धरत उठला. बाबानं दुसरं टाकलं. मग तिसरं...

"कुठवर, बाबा?"

"ती हितं येऊन वाकून उचलंस्तवर."

लिंबाजी खाली बसला, तो बसूनच राहिला.

"आन्... ती आलीच न्हाई तर?"

बाबानं मान वर करून झाडाकडं बघितलं.

"बोरीला बोरं लई हायेत."