चौथा हात

त्या राज्याच्या मधोमध जिन्यासारखी उतरत जाणारी एक भिंत होती. डावीकडे धातूंची वस्ती, उजवीकडे अधातूंची. धातूंच्या सगळ्या घरांना मिळून अंगण एकच. प्रत्येकाने आपली एक ठिणगी त्या अंगणात सोडून दिलेली. ती कोणाची, हे कोणी विचारत नसे. एका टोकाला धक्का लागला की दुसऱ्या टोकाला दिवा लागे. उजवीकडे प्रत्येक ठिणगी मुठीत, आणि ती मूठ शेजाऱ्याच्या मुठीत. तिकडे यालाच घरंदाजपणा म्हणत.

काजळ ही उजवीकडच्या कोळशांच्या घरची. त्या घरात सगळे चार हात घेऊनच जन्मत, आणि मूल वयात आलं की चारही हात चार नातेवाइकांच्या हातांत कायमचे गुंतवून टाकत. या विधीला मूठबंदी म्हणत. तिचा थोरला भाऊ हिरोजी आपल्या मूठबंदीपासून जागचा हलला नव्हता. चहूबाजूंनी जखडलेला आणि लखलखीत. वस्तीभर त्याचंच उदाहरण द्यायचे. काजळने तीन हात दिले आणि चौथा पाठीमागे लपवला. तेव्हापासून तिचं नाव कोणी धड घेत नसे.

राज्याचा वारा एका चाकावर चालायचा. अधातूंच्या वरच्या माडीवर राहणाऱ्या क्लोरीनदादांच्या श्वासाचा हिरवा, जड धूर भिंतीच्या फटींतून धातूंच्या सखल आळीत उतरे. तो अंगाला लागला की मऊ धातू कुरतडले जात. चाक फिरे, वारा सुटे, धूर मागे हटे. आणि फिरत्या आसाला तळहात टेकवून त्याला ठिणगी पोचवायचं काम वर्षानुवर्षं तांबोबा करायचा.

एका दुपारी घासून घासून तांबोबाचा तळहात तापला, वितळला आणि आसाला चिकटला. चाक थांबलं.

"काजळे!" तो भिंतीपलीकडून ओरडला; तिच्या लपवलेल्या हाताची गोष्ट त्याच्याही कानावर होती. "वारा पडलाय गं! सोडियमची म्हातारी तेलात बुडी मारून बसलीय, पोरांना तर तेही नाही. आमच्यातल्या कोणीही हात लावला तरी चिकटणारच. घसरता हात पाहिजे."

काजळचं अंग थराथरांचं होतं. एक थर दुसऱ्यावरून सहज निसटे, म्हणून तीन हात गुंतलेले असूनही ती फिरू शके. ती धावत पंचांकडे गेली.

पंच म्हणजे आठ पिवळे म्हातारे, एकमेकांचे हात धरून कडं करून बसलेले. मुख्य होते गंधकराव. आयुष्यभरात त्यांच्या हातून एकही ठिणगी पुढे गेली नव्हती, आणि याबद्दल ते सत्कार करून घेत.

"गंधककाका, माझा एक हात मोकळा आहे. मला पलीकडे जाऊ द्या."

"मोकळा? आणि हे तू चारचौघांत सांगतेस?"

"धूर आळीत पोचलाय!"

"धूर आपल्या क्लोरीनदादांचा आहे. मोठ्यांच्या श्वासाला नावं ठेवू नयेत. आणि ऐक, आपल्यातल्या कोणातून ठिणगी गेली, तर तो जागीच जळतो."

"कोण जळलं, काका? एकाचं तरी नाव सांगा."

गंधकराव खाकरले. बाकीचे सातही खाकरले.

"काजळ," बाजूलाच जखडलेल्या हिरोजीचा आवाज आला, "अजून वेळ गेली नाही. तो हात मला दे. मी धरतो."

"कुठल्या हाताने, दादा?"



"गेलीस तर घर बंद!" गंधकराव कडाडले.

"ते उघडं कधी होतं?" काजळ म्हणाली, आणि एकेक थर सोडवत भिंतीच्या फटीतून पलीकडे निसटली.

तांबोबाने चिकटलेला हात ओरबाडून सोडवला, आणि तिने सुटा तळहात आसावर ठेवला. काका खरं बोलत असतील तर? पायाशी हिरवा धूर आला होता. अंगणातून ठिणगी निघाली, तांबोबाच्या उरलेल्या हातातून तिच्या खांद्यात शिरली, थरांमधून सुळकन धावली आणि आसात उतरली. चाक कुरकुरलं. मग फिरलं.

काजळ जळली नाही. पण दर फेऱ्याला तिच्या तळहाताची काळी भुकटी उडू लागली.

"झिजतेयस, पोरी," तांबोबा म्हणाला.

"दिसतंय मला. तू ठिणग्या पाठव."

वारा सुटला. धूर आळीतून उठला आणि भिंतीवरून आला तिकडेच परत गेला. त्याच्यासोबत काळी भुकटीही गेली. ती आठ म्हाताऱ्यांच्या पिवळ्या खांद्यांवर बसली, हिरोजीच्या लखलखीत अंगावर बसली.

"पुसा रे कोणीतरी!" गंधकराव किंचाळले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाचाही हात मोकळा नव्हता.

भुकटी पडतच राहिली. या मुठीवरून त्या मुठीवर, भिंतीपासून थेट हिरोजीपर्यंत एक काळी रेघ उमटली. आणि संध्याकाळी अंगणातली एक ठिणगी त्या रेघेवरून, मिटलेल्या मुठींच्या पाठीवर पाय देत, शांतपणे हिरोजीपर्यंत चालत आली. जळलं कोणीच नाही.