पाठीची माती

"...चूक पोरीची, आणि मान मात्र मी खाली घालायची. का म्हणून, वस्ताद?"

अमीन वस्ताद तालमीच्या हौद्यात उभे राहून लाल मातीत ताक ओतत होते. त्यांनी डबा हलवून पाहिला, तळाचं ताकही ओतलं आणि फावड्यानं माती वरखाली करू लागले.

विचारणारे विलास हुजरे. एका मोठ्या शाळेचे हेडमास्तर. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. तीसेक वर्षांपूर्वी ते याच हौद्यात लंगोट लावून घुमत असत, हे आता सांगूनही कुणी खरं मानलं नसतं. आसपासच्या गावांत पालकांचा मेळावा असला की भाषण हुजरे सरांचंच. 'मूल बिघडत नाही, आधी घर बिघडतं,' हे वाक्य ते अशा आवाजात म्हणत की पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी तरी डोळ्यांना पदर लावत.

आता तेच वाक्य फिरून त्यांच्या अंगावर आलं होतं.

"काय केलं पोरीनं?" वस्तादांनी विचारलं.

"वर्गातल्या एका मुलीची वेणी कापली. कात्रीनं. तेही स्नेहसंमेलनाच्या आदल्याच दिवशी."

"केवढी कापली?"

"कानापर्यंत."

फावडं थांबलं.

"वाईट केलं," वस्ताद म्हणाले, आणि पुन्हा माती ओढू लागले.

हुजरे बाकाच्या कडेला टेकले.

"मला शाळेत बोलावलं. दुसऱ्याची शाळा, दुसरा हेडमास्तर, आणि मी पालकांच्या खुर्चीत. ती मुलगी डोक्याला रुमाल बांधून बसलेली. तिची आई माझ्याकडं बघून म्हणाली, 'सर, तुमचं भाषण ऐकलंय मी.' बस. एवढंच म्हणाली."

"मग?"

"मी उभा राहिलो. म्हटलं, आमच्या घरात असलं कुणी नाही. ही कुणावर गेलीय, कळत नाही. तुम्हाला वाटेल ती शिक्षा करा."

"पोरगी कुठं हुती तवा?"

"तिथंच. दाराशी."

"ऐकलं तिनं?"

हुजऱ्यांनी खिशातली पेनं सारखी केली.

"घरी येताना?"

"मी पुढं, ती मागं."

"बोललास काय तिच्याशी?"

"आज चौथा दिवस. नाही बोललो."

"का कापली म्हणून तरी इचारलंस?"

"विचारून काय..." हुजरे बोलता बोलता थांबले. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "वसतिगृहाचा अर्ज आहे. लांब आहे, पण शिस्तीचं. उद्या सकाळी शर्वरीला नेऊन सोडतोय. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

कानावर घालायला माणूस पंधरा मैल येत नाही. कुणीतरी 'बरं केलंस' म्हणावं, एवढ्यासाठी ते आले होते. घरात तेवढं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

वस्तादांनी कागदाकडं पाहिलंही नाही.

"सदरा काढ."

"अं?"

"काढ. उतर हौद्यात."

हेडमास्तरांनी दाराकडं बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. त्यांनी सदरा खुंटीला अडकवला, कागद परत त्याच्या खिशात ठेवला. हौद्यात पाय टाकताना हात आपोआप मातीला लागून कपाळाला गेला. तेवढी सवय अजून शाबूत होती.

"पाठीवर आडवा हो."

पाठ लागली की कुस्ती गेली. ज्या मातीला पाठ लागू नये म्हणून पोरं जिवाचं रान करतात, तिथं हुजरे सर आपण होऊन उताणे झाले. माती गार होती. ताकाचा आंबूस वास आला, आणि त्या वासासरशी एक जुनी यात्रा समोर उभी राहिली.

तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. भर मैदानात कुस्ती हातची चालली, हे ध्यानात आल्यावर त्यांनी समोरच्या पोराच्या डोळ्यांत मूठभर माती मारली होती. तरीही पाठ लागायची ती लागलीच. सगळं मैदान ओरडत होतं. कुणीतरी चप्पल भिरकावली.

अमीन वस्तादांच्या तालमीत एक रीत होती. हरलेल्यानं पाठीची माती आपली आपण झाडायची नाही. वस्ताद येऊन झाडणार. त्या दिवशी वस्ताद येणार नाहीत, अशी पंधरा वर्षांच्या विलासची खात्री होती.

वस्ताद आले. आधी त्या दुसऱ्या पोराकडं गेले. पटक्याचं टोक पाण्यात भिजवून त्याचे डोळे पुसले, त्याच्या वस्तादाचे पाय धरले. मग विलासकडं आले, त्याला पाठमोरा केला आणि त्याच पटक्यानं सगळ्यांदेखत पाठ झाडू लागले.

"असल्या पोराची पाठ झाडता, वस्ताद?" गर्दीतून कुणीतरी विचारलं होतं.

"माझा हाय," वस्ताद म्हणाले होते.

शिक्षाही झाली. पण तालमीत, दार लावून. महिनाभर हौदा एकट्यानं खणायचा.

हुजरे सरांनी डोळ्यांवर हात घेतला. त्यांना लाज वाटली. चार दिवस पोरीची वाटत होती, ती ही नव्हे. ही त्यांची स्वतःची होती, आणि ती झाकायला अंगावर सदराही नव्हता.

"ऊठ," वस्ताद म्हणाले.

ते उठले. ओली माती पाठीला चिकटली होती.

"झाड पाठ."

त्यांनी खांद्यावरून हात मागं टाकला. मग खालून घातला. कडेची माती निघाली, मधली तशीच राहिली. पुन्हा खटपट केली. दम लागला. शेवटी जुन्या सवयीनं ते वस्तादांकडं पाठ करून उभे राहिले.

बराच वेळ उभे राहिले...

पाठीवर हात आला नाही.

त्यांनी वळून पाहिलं. वस्तादांचा पटका वस्तादांच्याच खांद्यावर होता आणि दोन्ही हात फावड्याच्या दांड्यावर.

"वस्ताद... हात पोचत नाही."

"वय किती तुझं?"

"सत्तेचाळीस."

"आन् पोरीचं?"

"नऊ."

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"मग तिचा पोचंल म्हणतोस?"