नव्या चुन्याचं पाणी

ज्या काळी नद्यांना मालक नव्हते आणि डोहांना देव होते, त्या काळची ही गोष्ट. एका गावाच्या डोहात हातभर लांबीचे मासे होते. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी गळ लावत नसे. एके वर्षी पावसानं दगा दिला आणि उन्हाळ्यात डोहात कमरेएवढंच पाणी उरलं. पाणी आटलं की मासे मरणार आणि त्यांचं बीज दुसरीकडे कुठेच नाही, हे पोराटोरांनाही कळत होतं.

गाव चावडीपुढे जमलं. गावचा गवंडी उठून म्हणाला, "मी माझ्या घरात हौद बांधतो. पाऊस येईपर्यंत मासे माझ्याकडे राहतील."

डोहाची राखण करणारी एक म्हातारी भोईण होती. नवरा कधीच गेलेला, आणि जिभेला हाड नाही. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ज्याचं छप्पर पाणी अडवत नाही, त्याची भिंत पाणी धरणार होय?"

गवंड्याचं घर दर पावसाळ्यात गळायचं, म्हणून गाव पोट धरून हसलं. गवंड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायचं तर जायलाच हवी होती. अडीनडीला पुढं आलेल्या माणसाला हसणाऱ्या गावाचं काय कौतुक करायचं?

गवंड्यानं कुणाची मदत घेतली नाही. नवराबायकोनं अर्धं घर रिकामं केलं. चुन्याच्या घाण्यात चुना मळला, त्यात गूळ आणि बेलफळ घातलं, हातभर जाडीच्या भिंती चढवल्या. गल्लीच्या बाजूला दाराएवढी काच बसवली. म्हातारीचं घर बरोबर समोर होतं. तिनं रोज उठून मासे बघावेत आणि जळावं, एवढ्यासाठीच ती काच. मग नऊ दिवस दोघांनी कावडीनं पाणी वाहिलं. हौद काठोकाठ भरला आणि एक थेंब गळला नाही.

गवंडी छाती काढून दारात उभा राहिला. तेवढ्यात म्हातारी गल्ली ओलांडून आली. तिनं हौदातलं वाटीभर पाणी घेतलं, त्यात चिमूटभर हळद टाकली. हळद लाल झाली.

"नवा चुना पाण्यात उतरलाय," ती म्हणाली. "हे पाणी मासे मारील. तीनदा भर, तीनदा उपस, मग मासे सोड. डोहात अजून महिन्याचं पाणी आहे."

गवंड्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बापानं त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पण आता ते या तोंडातून आलं होतं.

"लाल झाली ना?" तो म्हणाला. "मग त्याचं कुंकू कर आणि लाव कपाळाला."

गवंड्याच्या बायकोनं मान खाली घातली. म्हातारी वाटी तिथेच ठेवून घरी गेली.

संध्याकाळी गवंड्यानं बादली उचलली. पाणी उपसायलाच हवं, हे त्याचे हात सांगत होते. पण काचेपलीकडे म्हातारी आपल्या ओट्यावर बसली होती. आता उपसलं तर ही गावभर सांगणार, माझं ऐकलं म्हणून. त्यानं बादली खाली ठेवली. किती क्षुल्लक कारण हे! पण माणसं एवढ्यावरच नासतात.

सकाळी त्यानं गावाला मासे आणायला सांगितलं. वाजतगाजत घंगाळांतून मासे आले आणि हौदात सोडले. घटकाभर सगळं गाव काचेला नाक लावून उभं होतं. मग मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. त्यांच्या अंगावर पांढरा थर धरला, डोळे गढुळले. लोकांनी हातांनी, टोपल्यांनी मासे बाहेर काढले, डोहाकडे धावत नेले. एकही वाचला नाही. दुपारपर्यंत सगळे संपले.

म्हातारी आली. तिच्या हाताला अजून खवले चिकटले होते.

"तुला सांगितलं होतं मी."

"तू सांगितलंस म्हणूनच नाही ऐकलं," गवंडी म्हणाला.

"मग मला शिव्या द्यायच्या होत्यास," म्हातारी म्हणाली. "माझ्या दारावर थुंकायचं होतंस. माझी जीभ वाईट, ते मला माहीत आहे. पण या मुक्या जिवांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

गवंड्यानं पहार आणली आणि काच फोडली. नऊ दिवसांचं पाणी गल्लीतून वाहून गेलं.

आषाढात डोह तुडुंब भरला. गाव काठावर जाऊन कितीतरी वेळ उभं राहिलं. पाण्यात काहीच हललं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही कधी नाही.

म्हणून लहानांनो, थोरांनो, राग माणसावर धरा, त्याच्या खऱ्या बोलण्यावर धरू नका.