शेळीसकट आसरा

उंच डोंगरातल्या एका गावात पूर्वी हिवाळा असा कडक पडे, की सकाळी रांजणातल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरलेली असे. गावाच्या मधोमध एक दगडी चर्च होते. रविवारी तिथे प्रार्थना होई, एरवी दाराला कुलूप.

एका वर्षी थंडी फार लवकर आली. बाजाराच्या ओट्यावर झोपणारा एक म्हातारा हमाल एका सकाळी उठलाच नाही. त्याला माती देऊन परतताना चर्चचे पाळक मंडळींना म्हणाले, "आपण आठवड्यातून एक दिवस इथं बसतो. बाकीचे दिवस एवढं मोठं छप्पर कोणासाठी राखायचं? आजपासून ज्याला घर नाही, त्यानं इथं निजावं."

मंडळींनी माना डोलावल्या. चर्चच्या किल्ल्या याकोबमामांकडे होत्या. वीस वर्षे तेच चर्च झाडत, बाके पुसत. फरशीवर एक काडी पडलेली त्यांना खपत नसे. तेही म्हणाले, "येऊ देत. फक्त पाय धुऊन आत या म्हणावं."

पहिल्या संध्याकाळी तिघे आले, दुसऱ्या संध्याकाळी नऊ. त्यांत केरसुण्या वळणारे आंधळे सखबा होते. याकोबमामांनी सगळ्यांना पेंढा अंथरून दिला, घोंगड्या दिल्या, गरम पेज वाढली. स्वभावाने ते कडक होते, पण वाईट नव्हते.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला भिवराबाई दारात आली. तिची झोपडी पावसाळ्यात नदीने नेली होती. तिच्यासोबत एक शेळी होती.

"शेळी बाहेर बांध," मामा म्हणाले.

"बाहेर ही वाचायची नाही, मामा. कान बघा कसे गारठलेत."

"मग हिच्यासाठी कुणाचा गोठा शोध. हे प्रार्थनेचं घर आहे, बाई. इथं माणसांची सोय आहे."

भिवराबाईने शेळीला जवळ ओढले. मग म्हणाली, "पुरात घर गेलं, भांडी गेली. ही तेवढी माझ्यामागं पोहत आली. हिला थंडीत टाकून मी आत कशी शेकत बसू?"

"नियम म्हणजे नियम."

ती भांडली नाही. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत पायऱ्या उतरून गेली. मामांनी दार लावले आणि पेज वाढायला घेतली.

सखबांनी वाटी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. "मामा, शेळीचा आवाज आला होता. ती बाई कुठं बसली?"

"गेली ती."

"कुठं?"

याकोबमामा पुढची वाटी भरायला वळले.

सखबा सावकाश म्हणाले, "मीही एकदा एका धर्मशाळेच्या दारातनं माघारी फिरलो होतो. काठी बाहेर ठेवून ये, म्हणाले. फरशीवर तिचे ओरखडे उठतात म्हणे. आता आंधळ्यानं काठी सोडून कुठं जायचं?"

बाहेर वारा सुटला होता. मामांनी पळी खाली ठेवली, कंदील उचलला आणि ते तसेच बाहेर पडले.

बाजाराचे ओटे रिकामे होते. नदीकाठी कोणी नव्हते. "भिवराबाई! ए भिवराबाई!" हाका मारून त्यांचा घसा बसला. ओट्यावरचा तो हमाल त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याच्या तिरडीला त्यांनीच तर खांदा दिला होता.

गावाबाहेरच्या विझलेल्या चुनाभट्टीपाशी शेळी ओरडली. मामा धावले. भट्टीच्या आडोशाला भिवराबाई मुटकुळे करून पडली होती आणि शेळी तिच्या अंगाला चिकटून बसली होती. मामांनी तिचा हात धरला. तो दगडासारखा गार होता.

"बाई! अगं बाई, बोल काहीतरी!"

मामा तिचे हात चोळू लागले. मग पुटपुटल्यासारखा आवाज आला, "हळू, मामा. तिच्या पायावर पाय देताय."

याकोबमामांनी झटकन पाय मागे घेतला. हसू आणि रडू एकदमच फुटले त्यांना. आपली घोंगडी त्यांनी तिच्याभोवती गुंडाळली, शेळी खांद्यावर घेतली, आणि बाईचा हात धरून गावाकडे निघाले.

सकाळी पाळक आले. बघतात तर वेदीवरची फुले शेळीने फस्त केलेली, फरशीवर लेंड्या पडलेल्या, आणि याकोबमामा बाकाला टेकून गाढ झोपलेले. भिवराबाई पेज पीत बसली होती. तिच्या गालांवर रंग परतला होता.

मामा दचकून उठले. "साहेब, फरशी काय, धुतली की झालं. पण ही बाई जर..."

"बादली कुठं आहे?" पाळकांनी विचारले आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

त्या हिवाळ्यात गावात थंडीने आणखी कोणी दगावले नाही. पुढे त्या दारातून काय काय आत आले! एकीचे मांजर आले, एकाचा पोपटाचा पिंजरा आला, धार लावणाऱ्याचे चाकही आले. दारात कोणी बिचकत उभे राहिले, की याकोबमामा आधी विचारत, "सोबत कोण आहे? त्यालाही घेऊन या."

यातून घ्यायचे तात्पर्य: दार उघडले म्हणजे आसरा दिला असे होत नाही, येणाऱ्याला जे मागे सोडता येत नाही, त्यालाही आत जागा द्यावी लागते.