रातांब्याच्या पानांचा शाप

एका राज्यात शूरपाल नावाचा राजा होता. हत्तींना नदीवर जायला सरळ वाट हवी, म्हणून त्याने रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, अख्खे बन तोडविले. बनात एक जोगीण राहत असे. ती भांडली नाही. उठली आणि निघून गेली.

त्याच संध्याकाळी राजकन्या मृणावतीच्या पायांवर लाल गांध्या उठल्या. प्रत्येक गांधीला पानाचा आकार. अंगाची आग होई, आणि दिवे लागले की ती पाने वाऱ्यावाचून सळसळत. वैद्यांचे लेप गळून पडले. पाने कमरेवर आली, खांद्यावर आली. गळ्याला वेढतील तेव्हा श्वास थांबेल, हे सर्वांना कळत होते.

जोगिणीला शोधायला राजा एकटा तोडलेल्या बनात गेला. कुऱ्हाडीतून एकच झाड सुटले होते. त्यावर धनेश पक्षी बसला होता.

"आज पायी, महाराज? हत्ती दमले वाटतं?"

"लेक मरते आहे. उपाय सांग."

"तीन कामं. फळ तोडू नकोस, पडेल ते झेल. सुरी लावू नकोस, हातानं सोल. साल त्याच्याच रसात भिजव, उन्हात वाळव, पुन्हा भिजव. काळी पडली की तिचा कोळ लेकीच्या अंगाला लाव."

राजाने शेल्यात फळे झेलली, हाताने सोलली. पण राजवाड्यात धुतल्यावाचून काही आत जात नसे. सवयीने त्याने सालीही धुतल्या. सारा लाल रस मोरीत गेला. कोळ लावला तरी एक पान हलले नाही. उलट पाने गळ्याशी आली.

राजा परतला. धनेश म्हणाला, "रस धुतलास. मग राहिलं काय?"

"चुकलो," राजा म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. झाडावरून फळे पडू लागली.

या वेळी तो दरवाजाबाहेर धुळीत बसला. सोलत होता, भिजवत होता, कावळे हाकलत होता. खिडकीतून लेकीची घरघर ऐकू येई. साली काळ्या पडल्या. त्याने कोळ काढून लावला. पाने एकेक मिटली. गळ्यावरचे शेवटी मिटले.

"आबा, सळसळ थांबली," मृणावती म्हणाली.

हत्तींची वाट बुजली, तिथे रातांब्याच्या बिया रुजल्या. एका संध्याकाळी बनातून चुलीचा धूर दिसला. जोगीण कधी आली, कोणी पाहिले नाही.

राजाच्या तळहातावर मात्र एक लाल पान राहिले. ते दुखत नसे. राज्यात कुठेही कुऱ्हाड उचलली की सळसळे.

गोष्ट ऐकलीत तशी घडली. हसेल त्याने आधी आपला तळहात पाहावा.