लुमाजी वस्तादांची ओ

घाटाला गाडीरस्ता नव्हता, कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं आणि देशावरचा गूळ तसाच खाली जायचा, त्या काळची ही गोष्ट. भोरंबे गावाच्या खाली घोणसखिंड आहे. वाट घोणशीसारखी वेटोळी. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि आषाढ लागला की धुकं असं उतरतं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. त्या खिंडीवर तेव्हा अचळांचा पहारा असे.

अचळ म्हणजे न हलणारे. चाळीस गडी होते. तलवारीला पक्के, भाल्याला पक्के, आणि मनाने त्याहून पक्के. घरदार सोडून आलेल्यालाच पथकात घेत. आल्या दिवशी त्याचं नाव काढून घेत आणि पहाऱ्याच्या जागेवरून त्याला हाक मारत. कुणी वडाखालचा, कुणी टाक्यावरचा, कुणी कड्यावरचा. अचळांपैकी कुणी मेला तर त्याच्यासाठी कुणी रडत नसे. असं म्हणतात, त्यांच्या तळावर कुत्रंसुद्धा शेपूट हलवत नसे.

या अचळांचे वस्ताद होते लुमाजी. ते स्वतः आठ वर्षांचे असताना इथे आले होते. त्यांच्या वस्तादांनी त्यांना जे शिकवलं, तेच ते पुढे शिकवत. “माणसाचा जीव जिथे गुंततो, तिथेच वैरी हात घालतो,” ते सांगत. “गुंतूच नका.” आणि शिकवताना त्यांना कधी शंका आली नाही, कारण ते स्वतः कशात गुंतलेच नव्हते. निदान त्यांना तसं वाटायचं.

एका साली खालच्या अंगाच्या पाणवसे गावातून दोघे भाऊ आले. थोरला मानाजी, धाकटा सुभाना. बाप गेलेला, घरी आई कोंडाई एकटी. थोरला अबोल आणि कष्टाळू. धाकटा हसरा, वाटेतल्या दगडाशीही बोलेल असा. लुमाजींनी दोघांना समोर उभं केलं.

“आजपासून तुम्ही कुणाचे भाऊ नाही,” ते म्हणाले. “तू कड्यावरचा. तू पाण्यावरचा.”

मानाजीने मान हलवली. सुभानाने विचारलं, “आणि चुकून दादा म्हटलं तर?”

“तर तो ओ देणार नाही,” लुमाजी म्हणाले.

मानाजीसारखा शिष्य लुमाजींना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. सांगाल ते करायचा, सांगाल त्याहून जास्त करायचा. लुमाजी मनात म्हणत, माझ्यामागे हाच वस्ताद होणार. फक्त एकच गोष्ट त्यांना खुपायची. सुभाना पखाल घेऊन झऱ्याकडे निघाला की मानाजीची नजर चार पावलं त्याच्या मागे जायची.

मग तो आषाढातला दिवस आला. सकाळपासून धुकं. मानाजी कड्यावर पहाऱ्याला होता. शिंग वाजेपर्यंत जागा सोडायची नाही, हा अचळांचा पहिला नेम. लुमाजी वरच्या चौकीत बसले होते. सुभाना झऱ्यावरून पाणी घेऊन परतत होता आणि त्याची वाट चुकली. पाय निसटला. दरीच्या तोंडाशी कारवीच्या झुडपाला धरून तो लोंबकळत राहिला आणि त्याने हाक मारली.

“दादा!”

मानाजी तिथून तीस पावलांवर होता. त्याने हाक ऐकली.

लुमाजींनीही ऐकली. शिंग त्यांच्या हाताशीच होतं. एकदा फुंकलं असतं तर पहारा सुटला असता. पण त्यांच्या मनात आलं, पोर वाट चुकलं असेल, येईल आपणहून. आणि आज कड्यावरचा हलला नाही, तर तो कायमचा पक्का झाला. त्यांनी शिंगाला हात लावला नाही.

“दादा, हात निसटतोय रे.”

मग आणखी एक हाक आली, अगदी बारीक. त्यानंतर काही नाही.

त्या दिवशी खिंडीत वैरी आला नाही. चोर आला नाही. साधा वाटसरूही आला नाही. दुपारी धुकं वर चढलं तेव्हा कारवीला अडकलेली पखाल दिसली. तीन दिवस पथकातले गडी दरीत उतरत होते. सुभाना सापडला नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मानाजी वस्तादांसमोर येऊन उभा राहिला. “पहारा पुरा झाला, वस्ताद.”

यावर शाबास म्हणायची रीत होती. लुमाजी नुसते मानाजीच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्यात राग नव्हता, दुःख नव्हतं. गाव उठून गेल्यावर घरांची दारं जशी नुसती उघडी राहतात, तसे ते डोळे होते.

पुढचे पंधरा दिवस मानाजी सगळं चोख करत होता. जेवत होता, भाला फेकत होता, पहारा देत होता. एके सकाळी त्याने चुलीवरचा तापलेला तवा नुसत्या हाताने उचलला आणि शांतपणे बाजूला ठेवला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा लुमाजी धावले. त्यांनी त्याचा तळवा उलटा करून पाहिला.

“दुखत नाही का रे?”

“नाही वस्ताद,” मानाजी म्हणाला. “तुम्हीच तर शिकवलंत.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच सांगत होता. लुमाजींना तेव्हा कळलं की आपण हा गडी पक्का केला नाही, आतून विझवला. आणि विझलेलं पुन्हा पेटवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पट्टा, भाला, कुस्ती, सगळ्यांतले डाव त्यांना येत होते. या एका गोष्टीतला एकही डाव येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवार खुंटीला लावली आणि इरलं डोक्यावर घेऊन घाट उतरायला लागले. पथकाचा वस्ताद कधी कुणाच्या घरी निरोप घेऊन गेला नव्हता. ते गेले.

कोंडाई पडवीत नाचणी पाखडत होती. लुमाजींनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिचं सूप हातातच राहिलं.

“त्यानं हाक मारली?” तिने विचारलं.

“तीनदा.”

“कुणी ओ दिली?”

“नाही.”

“तुम्ही कुठं होता?”

“वर होतो, बाई. ऐकत होतो.”

कोंडाईने तोंडाला पदर लावला आणि ती रडली, आणि लुमाजी पावसात तसेच उभे राहिले. आपण निघून जावं की थांबावं, तेही त्यांना समजेना. शेवटी ती उठली. चुलीपाशी गेली, भाकरी आणि चटणी घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“खा,” ती म्हणाली. “चढ मोठा आहे. माझं एक लेकरू अजून वर आहे. मला तिकडं न्या.”

लुमाजींनी पहिला घास घेतला आणि असं म्हणतात, पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना अन्नाची चव लागली. मीठ जास्त होतं. ते त्यांच्याच डोळ्यांतलं होतं.

कोंडाई वर आली तेव्हा मानाजी कड्यावर उभा होता. त्याने आईकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाई, इथं थांबायचं नाही.” कोंडाईने वाद घातला नाही. ती तिथेच खाली बसली. त्याचा जळका हात ओढून घेतला, त्यावर फुंकर घातली आणि कोरफडीचा गर लावला. मानाजी भिंतीसारखा उभा. दुसऱ्या दिवशीही तसंच. बाकीचे अचळ दुरून बघत होते आणि वस्तादांच्या तोंडाकडे बघत होते. वस्तादांनी तिला हटकलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने गर लावायला घेतला आणि मानाजीने हात एकदम मागे ओढला.

“आई,” तो म्हणाला, “दुखतंय.”

एवढंच म्हणाला आणि तिच्या मांडीवर कोसळला. तो असा रडला की दरीपलीकडच्या गुराख्यांनी गुरं थांबवली. चौकीच्या भिंतीला पाठ लावून लुमाजी ते ऐकत होते. या वेळी ते नुसते ऐकत राहिले नाहीत. जवळ आले, दोघांसमोर खाली बसले आणि म्हणाले, “मानाजी, चूक माझी. शिंग माझ्या हाताशी होतं.”

उत्तर मागायचा हक्क आपल्याला नाही, हे लुमाजींना ठाऊक होतं.

मायलेकरं निघाली तेव्हा लुमाजींनी कोंडाईला विचारलं, “मी काय करू?”

ती म्हणाली, “त्याला कुणी ओ दिली नाही. तेवढं राहिलंय.”

त्या दिवसापासून धुकं उतरलं की लुमाजी कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहत आणि दरीकडे तोंड करून म्हणत, “ओ सुभाना! आहे रे मी इथं. आवाजावर ये.” काही अचळ चिडले, वस्ताद ढिले झाले म्हणाले आणि दुसरा वस्ताद शोधायला निघून गेले. राहिलेल्यांना लुमाजींनी त्यांची नावं परत दिली.

पहिल्या साली कुणी आलं नाही. दुसऱ्या साली एका दाट धुक्याच्या दुपारी त्यांनी ओ दिली आणि खालून पावलं वाजली. धुक्यातून एक म्हातारा कासार बाहेर आला, पाठीवर बांगड्यांचं ओझं, गुडघे फुटलेले.

“माझं नाव सुभाना नाही, बाबा,” तो म्हणाला. “पण सकाळपासून दरीच्या काठानं फिरत होतो. तुझ्या आवाजावर आलो.”

लुमाजींनी त्याचा हात धरला तो चौकीत नेऊन, चुलीपाशी बसवून, कांजी पाजेपर्यंत सोडलाच नाही.

मग माणसं येतच राहिली. मीठवाले आले, बाळंतपणाला माहेरी निघालेली एक लेक आली, चुकलेली म्हैससुद्धा आली. असं म्हणतात, लुमाजींचा आवाज सात दऱ्या ओलांडून जायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपल्याच घरातलं कुणी बोलावतंय.

असे बरेच आषाढ गेले. एका वर्षी लुमाजी कड्यावर उभे असताना मागून कुणी तरी आलं आणि त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली. मानाजी होता. केस पिकायला लागलेले, तळव्यावर जुना डाग.

“वस्ताद, तुम्ही बसा आता,” तो म्हणाला. “मी देतो ओ.”

लुमाजी बसले. मानाजीने भावाचं नाव घेतलं आणि दोघांनी दरीकडे कान लावला.

लुमाजी वस्ताद गेले ते अंथरुणावर, भोरंबे गावात, तीन दिवस तापात पडून. मानाजी उशाशी होता, कड्यावर कुणीच नव्हतं. पण असं म्हणतात, त्या तीन दिवसांत खिंडीतून नऊ माणसं सुखरूप वर आली आणि प्रत्येकाने गावात येऊन विचारलं, “कड्यावर तो म्हातारा उभा आहे, भिजतोय बिचारा, त्याला कुणी आत का घेत नाही?”

आता घाटात डांबरी रस्ता झाला. अचळांच्या चौकीचे चार दगड उरलेत. तरी आषाढात धुकं उतरलं की भोरंब्यातल्या एका घराची पाळी असते. घरातलं एक माणूस कड्यावर जातं. आधी म्हणतं, “लुमाजी वस्तादांच्या नावानं,” आणि मग दरीकडे तोंड करून सुभानाला ओ देतं. त्या मुलखात धुक्यात सापडलेल्या प्रत्येकाचं नाव सुभाना असतं, मग तो ट्रकवाला असो, मास्तरीण असो, नाहीतर बाजारातून परतणारी आजी. आवाज आला की ते आपलं नाव सांगत बसत नाहीत. म्हणतात, “आलो, आलो,” आणि चालू लागतात.