मागून येणाऱ्याचा नारळ

बसा इथे. पुढे पळालेल्या तिघांना हाक मारली आहे, येतील खाली. शिखरावर बघायला काही नाही, नुसता चौथरा आहे. आमची देवी रानजाई इथे, अर्ध्या वाटेवरच्या या वळणावर बसते.

आमच्या उंबरघळला बारा महिने माणसे येतात. पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला, थंडीत दोर बांधून कडा उतरायला, वळवाच्या सुमारास काजवे बघायला. कधीही आलात तरी दोन गोष्टी विचारताच. देवी शिखर सोडून इथे का, आणि वाटाड्या सगळ्यांच्या मागे का. आज सकाळी तर कुणी म्हणालेसुद्धा, मामा दमले वाटतं. चाळीस वर्षे हा डोंगर चढतोय मी, दमलो असतो तर घरी बसलो असतो.

फार पूर्वी देवी वरच होती म्हणे. नवरात्रात अष्टमीला सगळे गाव चढायचे. वरच्या निशाणाला जो पहिला हात लावेल त्याला गुरव मानाचा नारळ द्यायचा. तो फोडायचा नाही, वर्षभर देव्हाऱ्यात ठेवायचा. कोंडाजी नावाच्या माणसाने तो सहा वर्षे ओळीने घरी नेला, असे सांगतात. चढणीला त्याचा हात धरणारे कुणी नव्हते, आणि हे त्याला चांगले ठाऊक होते.

घरात मूल मात्र नव्हते. त्याने रानजाईला नवस केला. कूस उजवली तर आम्ही दोघे जोडीने चढून येऊ आणि ठमा तुझी ओटी भरेल. ठमा म्हणजे त्याची बायको. देवीने ऐकले. अष्टमी आली तेव्हा ठमाला पाचवा महिना होता.

निम्मी चढण दोघे जोडीने चालले. मग दोन तरणे गडी त्यांना ओलांडून पुढे गेले आणि कोंडाजीला राहवेना. “तू ये सावकाश, मी वर थांबतो,” म्हणाला आणि सुटला. माणूस वाईट नव्हता. पण तो नारळ समोर आला की त्याला बाकीचे सुचत नसे.

सातव्यांदा नारळ त्याच्या हातात पडला, आणि डोंगरावर धुके उतरले. चार पावलांवरचे दिसेना. एकेक करून सगळे वर पोचले, ठमा आली नाही. कोंडाजी ज्याला त्याला विचारू लागला. पुढचे म्हणाले, मागच्यांबरोबर असेल. मागचे म्हणाले, आम्हाला वाटले पुढे गेली. सगळ्यांची नजर पुढच्याच्या टाचांवर होती. मागे वळून कुणी पाहिलेच नव्हते.

नारळ हातात तसाच धरून तो शेवाळावरून घसरत, हाका मारत खाली आला. ठमा या वळणावर सापडली. पाय मुरगळून सुजला होता. कड्याची धार हातभर अंतरावर, आणि ती दगडाला टेकून, पोट धरून बसली होती. ओरडून ओरडून आवाज बसला होता.

“मी हाका मारल्या,” ती म्हणाली. “तुमी लई पुढं व्हता.”

कोंडाजी खाली बसून तिचा सुजलेला पाय चाचपू लागला. ती पुढे म्हणाली, “येक बाई बसली व्हती माजा हात धरून. हलू नगं म्हनली. आत्ता उठून गेली.”

वाटेवर दुसरे कुणी नव्हते. ठमाचा घसा कोरडा पडला होता. कोंडाजीने मानाचा नारळ दगडावर फोडला आणि पाणी तिला पाजले. पाठोपाठ गुरव उतरला, तर शिखरावरचा देवीचा शेंदरी तांदळा ठमाच्या शेजारी. वर जाऊन पाहिले, चौथरा रिकामा.

लहानपणी मी आजोबांना म्हणालो होतो, गुरवानेच आणून ठेवला असेल. आजोबा म्हणाले, “आसंल. पर परत वर कुनी न्हेला न्हाई, ते बघ.”

ठमाला मुलगी झाली. कोंडाजी त्यानंतर जन्मभर कुणाच्या पुढे चालला नाही म्हणतात.

आजही इथला वाटाड्या मागेच चालतो. वाट दाखवायला रंगवलेले दगड आहेत, पण मागे राहिलेल्याची हाक दगडाला ऐकू येत नाही. आजही सगळे जमल्याशिवाय इथे नारळ फुटत नाही, आणि पहिला घोट या वळणावर शेवटी पोचलेल्याचा.

आले ते तिघे. कारखानीसबाई, वाटेत चार वेळा म्हणालात, माझ्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय. हा घ्या नारळ. आधी तुम्ही प्या, बाकीचे थांबतील.